मदत हवी आहे: पुन्हा पुन्हा उलटणारा कॅन्डिडा (यीस्ट बुरशीचा संसर्ग)

डॉक्टर मंडळी, तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. पन्नाशीतल्या एक मधुमेही ताई वर्षभर योनीमार्गाची खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव यांनी बेजार आहेत. आधी मेडिकलवाल्याने स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब दिली होती, ती मी बंद केली. फ्लुकोनॅझोल (बुरशीविरोधी गोळी) १५० मिग्रॅ दर ७२ तासांनी असे तीन डोस दिले, नंतर आठवड्याला एक. जेमतेम फरक पडतो, की पुन्हा तेच.

योनीमार्गाचा पीएच (आम्लता) ४.५ च्या खाली. केओएच स्लाइडवर (स्रावाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) कळ्या फुटलेल्या यीस्टच्या पेशी भरपूर, पण स्यूडोहायफी (यीस्टचे लांबट धागे) शोधूनही सापडल्या नाहीत. त्यामुळे ग्लॅब्राटाची (असे धागे न करणारी कॅन्डिडाची जात) दाट शंका येते. कल्चर आणि औषध-संवेदनशीलता करायचीच आहे, पण लॅब जिल्ह्याला. स्वॅब कोणत्या माध्यमात पाठवता? त्याआधी फ्लुकोनॅझोल किती दिवस थांबवता?

दुसरं, त्यांना डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाची गोळी) चालू आहे. लघवीतून साखर जाते, म्हणजे यीस्टला आयतंच खाद्य. ते आधी बदलावं असं माझं मत. तुमचा अनुभव काय?

ग्लॅब्राटाच निघाला, तर बोरिक ॲसिडच्या ६०० मिग्रॅ योनीमार्गी कॅप्सूल १४ दिवस द्यायच्या म्हणतो. खात्रीने कुठे बनवून मिळतात? चुकून तोंडाने घेतल्या तर विषारी, म्हणून धास्ती वाटते. बाई रात्र-रात्र झोपत नाहीत, कृपया लवकर सांगा.