आयस्कझीचा (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची पद्धत) ट्रॅफिक ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळा कसा करावा?

प्रश्न: प्रॉक्समॉक्सचे (व्हीएम म्हणजे आभासी संगणक चालवणारी प्रणाली) दोन सर्व्हर, त्यांना आयस्कझीने डिस्क देणारा एक नॅस (नेटवर्कवरचं स्टोरेज), सगळं एकाच गिगाबिट स्विचवर. मोठी फाइल कॉपी सुरू झाली की व्हीएम अडखळतात. एका लिनक्स व्हीएमची डिस्क रीड-ओन्लीही झाली. वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर आभासी वेगळं नेटवर्क) पुरेल का?

उत्तर १: त्याच केबलवरून व्हीलॅन नेलात तर पत्ता वेगळा होतो, बँडविड्थ नाही. स्टोरेजला प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्र नेटवर्क पोर्ट द्या. सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) वेगळा, उदा. १०.१०.१०.०/२४, आणि त्यावर गेटवे (इतर नेटवर्ककडे जाण्याचा मार्ग) टाकूच नका.

उत्तर २: पोर्टल (नॅसच्या ज्या आयपीवर आयस्कझी जोडणी मिळते तो) तपासा, इथेच बहुतेकांची गल्लत होते. नॅस सगळ्या इंटरफेसवर ऐकत असेल तर डिस्कव्हरीत (सर्व्हर नॅसला पत्ते विचारतो तेव्हा) ऑफिसचा आयपीही मिळतो आणि सेशन (जोडणी) गुपचूप तिकडूनच जुळतं. टार्गेट (नॅसने देऊ केलेलं स्टोरेज) फक्त स्टोरेजच्या आयपीला बांधा, जुन्या नोंदी काढून पुन्हा लॉगिन करा.

दोन पोर्ट मोकळे असतील तर एलएसीपी (दोन पोर्ट एकत्र बांधणं) नको. एक टीसीपी कनेक्शन एकाच लिंकवरून जातं, वेग वाढत नाही. दोन सबनेट करून मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे दोन मार्ग) लावा.

उत्तर ३: जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी डेटा पाकिटं) शेवटी, आणि गिगाबिटवर फायदा बेताचाच. लावायच्याच तर सर्व्हर व नॅसवर एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९०००, स्विचवर तेवढा किंवा जास्त. मग फ्रॅगमेंटेशन (पाकिटाचे तुकडे करणं) बंद ठेवून ८९७२ बाइटचा पिंग मारा (उरलेले २८ हेडरचे). स्विचचा एक जरी पोर्ट १५०० वर राहिला तरी लॉगिन होतं, पण मोठं रीड-राइट लटकतं.

प्रश्नकर्ता: पोर्टलच होतं. सेशन ऑफिसच्या आयपीवर दिसतंय. आधी तेच बदलतो.