गोठा धुतलेलं पाणी सोडतोय तेव्हापासून गोबरगॅस निम्म्यावर आला

रावेरचा_केळीवाला:
राम राम मंडळी. 12 म्हशी, रोज 6 घनमीटर गॅसचा डोमवाला प्लांट. आधी पाटीने शेण टाकायचो तेव्हा दोन्ही टाइमचा स्वयंपाक होऊन गॅस उरायचा, मग माणूस मिळेना म्हणून पाइप मारून गोठा धुतो अन् सगळं सरळ प्लांटात, रोजचं 800 लिटर तरी असेल. आता संध्याकाळी शेगडी फुस्स. एकजण म्हणे आधी कॉस्टिक सोडा टाकून मुरत ठेव, गॅस वाढतो. खरंय का?

धुळ्याचा_गोठेवाला:
सोडा राहू दे भाऊ, हिशोब बघ. 6 घनमीटरला रोज 150 किलो शेण अन् तेवढंच पाणी, म्हणजे 300 लिटर, ते 40 दिवस आत राहिलं पाहिजे. झाली 12,000 लिटरची जागा. तू 800 ढकलतोय म्हणजे 15 दिवसात माल बाहेर, जिवाणूंनी खायच्या आतच. बाहेर पडलेल्या स्लरीचा वास घे, कच्च्या शेणाचा आला तर समजून जा.

चोपडा_दूधवाला:
माझंही असंच झालेलं. आधी फावड्याने शेण ओढून घ्यायचं, मग धुवायचं. धुतलेल्या पाण्याला दोन छोटे हौद केलेत, पहिल्यात जाळी, कडबा अडकतो अन् रेती खाली बसते (पहिल्याच महिन्यात दोन घमेली रेती निघाली, वर दाव्याचा तुकडा!), दुसऱ्यात रात्रभर निवळू द्यायचं, खालचा गाळ शेणात कालवायला अन् वरचं पाणी गजराज गवताला. त्या पाण्यात थोडा गॅसचा माल जातो हे खरं, पण प्लांट पातळ करण्यापेक्षा परवडलं. अन् फिनेलचं पाणी अजिबात जाऊ देऊ नको, जिवाणू मरतात.

बायोगॅस_मिस्त्री:
कॉस्टिकचं अगदीच खोटं नाही. शेणातला सोपा माल म्हशीनेच पचवलेला असतो, उरतो तो लिग्निनमध्ये (काडीतला न पचणारा कडक भाग) अडकलेला काडीकचरा, तो कॉस्टिकसारख्या अल्कलीने सैल होतो. पण ते पीएच मोजून करायचं काम, जास्त झालं तर सोडियमनेच जिवाणू बसतात, आणि 800 लिटर पाण्यात टाकलं तर निम्मा सोडा पाण्यावरच खर्च. त्यापेक्षा वैरणीची कुट्टी बारीक कर आणि थंडीत कालवायचं पाणी काळ्या टाकीत उन्हात तापव, या प्लांटला 35 डिग्रीच्या आसपास बरं वाटतं.

रावेरचा_केळीवाला:
वास घेतला, कच्चाच आहे 😅 उद्यापासून फावडं. हौद किती मोठा बांधला ते सांगा चोपडावाले.

चोपडा_दूधवाला:
बांधला कुठे, जुनी 1000 लिटरची टाकी अर्धी कापलीय.