'नको' म्हणायचा सराव
गे-लेस्बियन पोरांना दारूपासून दूर ठेवायला फोनवरचा गेम असावा, त्यात दारूला 'नको' म्हणायचा सराव झाला की ती पार्टीतही म्हणतील, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. सतराव्या वर्षी नागपूरच्या फुटाळा तलावावर मी पहिली बिअर प्यालो ती 'काहून बे, पोरगी आहेस का?' असं एकानं विचारलं म्हणून. (महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ लागतं, पण तिथं विचारतो कोण!) घरी काहीच न सांगितलेल्या माझ्यासारख्या गे पोराला भीती होती ती ओळखलं जाण्याची. ग्लास नाकारणं त्यामानानं सोपं. तो टोमणा गेममध्ये अस्सल नागपुरीतच हवा.

न्यूझीलंडचा रेनबो स्पार्क्स हा कम्प्युटर गेम याच मुलांसाठी होता, पण नैराश्यावर. इथं कुणी दारूवरचा गेम बनवलाच तर आयकॉनवर इंद्रधनुष्य, म्हणजे आमची ओळखीची खूण, तेवढं नको. फोन लहान भावाच्याही हातात असतो.