जुना लॅपटॉप अचानक रांगायला लागला तेव्हा... (तुमचेही अनुभव सांगा)

माजघर
उन्हाळा आला म्हणून आज टेबलफॅन उघडून पुसला. जाळीवर करड्या लोकरीसारखा थर. नखाने ओढला तर अख्खा पट्टा निघाला आणि थेट 2019 आठवलं.

लेकीच्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा भाग दोन भरायचा होता. आमचा 2012 चा लॅपटॉप सुरू केल्यावर बरा पळायचा, अर्ध्या तासाने एकदम बसकण मारायचा. कॉलेजचं नाव टाइप करायचं, चहाचा घोट घ्यायचा, मग अक्षरं उमटणार. पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा. व्हायरस असेल म्हणून मी एकावर दुसरा अँटीव्हायरस घातला, तर आणखीच झोपला. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला, साडेसहा हजार.

शेवटी धाकटे दीर आले. खालून हात लावला आणि म्हणाले, "वहिनी, यावर पापड भाजून होतील." झाकण उघडलं. पंखा आणि त्याच्या तोंडाशी असलेली बारीक पात्यांची जाळी, या दोहोंच्या मध्ये हाच करडा थर, नमद्यासारखा दाबून बसलेला. गरम हवेला बाहेर पडायला वाटच नाही. प्रोसेसर शंभर डिग्रीच्या आसपास गेला की जळू नये म्हणून आपणच वेग उतरवतो म्हणे. थर काढला, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली, संपलं. वर्षभर गोधडीवर ठेवून वापरला होता, कुणाला सांगणार!

निवांत_नाना
पापड 😂😂

सातारी_कंदी
आमच्याकडे थंडगार असूनही मंद. टास्क मॅनेजरमध्ये (कोणता भाग किती राबतोय ते विंडोज तिथे दाखवतं) डिस्क 100 टक्के, बाकी सगळं निवांत. फिरती हार्ड डिस्क, मिनिटाला 5400 फेऱ्यांवाली. काढून 240 जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क टाकली. आधी बटण दाबून आंघोळ उरकून यायचो, आता टॉवेल शोधेपर्यंत सुरू. रॅम 4 जीबीच आहे अजून. क्रोमच्या वीस खिडक्या उघडल्या की रडतो, पण तेवढं चालायचंच.

दुपारची_झोप
एसएसडी टाकण्याआधी फोटोंची कॉपी काढा रे. डिस्क मंद होणं म्हणजे कधी कधी ती जायच्या वाटेवर असते. माझ्या भाच्याच्या बारशाचे सगळे फोटो गेले. आता तो दहावीला आहे, तरी वहिनी अजून ऐकवते.

तिसरा_मजला
माझा किस्सा वेगळाच. चार्जर लावला की झोपतो, काढला की पळतो! महिनाभर डोकं खाजवलं. प्रोसेसरचा वेग 0.79 गिगाहर्ट्झवर खिळलेला, वर जायलाच तयार नाही. ऑफिसातल्या पोराने चार्जरचं टोक बघितलं. मधे सुईसारखी बारीक पिन असते ना, ती वाकलेली. चार्जर किती वॅटचा ते त्या पिनेतून लॅपटॉपला कळतं. नाही कळलं की तो घाबरून हातपाय आखडतो, बॅटरीही चार्ज करत नाही. नवा चार्जर आणला, पाच मिनिटांत काम. तोवर मी दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं.

माजघर
@तिसरा_मजला अरे देवा, दोनदा!

घारे_डोळे
वर पंखा साफ करायचं चाललंय म्हणून सांगते, ब्लोअर मारताना पाती टूथपिकने अडवून धरा. मोकळा सोडला की भिंगरीसारखा फिरतो, बेअरिंग जातं. आमचा तसाच गेला. आणि टचपॅड वर आल्यासारखा वाटला, क्लिक होईना, तर बॅटरी फुगलीय समजा. चार्जिंग बंद करा, दाबू नका, टोचू तर मुळीच नका. कुकरची शिट्टी झाली, बाकी नंतर.

निवांत_नाना
सासऱ्यांचा लॅपटॉप 2016 चा. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चढत नाही, सहाव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून दिली. त्यांना पेपर वाचायचा आणि पत्ते खेळायचे. तिसऱ्या दिवशी फोन, "जावईबापू, माझा सॉलिटेअर कुठे गेला?" तिथलाच दुसरा शोधून दिला. आता म्हणतात, यातले पत्ते नीट पिसलेले नसतात.

सातारी_कंदी
@नाना 🤣 हरत असतील

कुंदा_माटुंगा
लॅपटॉपचं मला काही कळत नाही, पण माजघर, गोधडी हाती शिवलेली का गं? नऊवारीची? आईच्या चार साड्या पडून आहेत. आमच्याकडे आता कुणी शिवणारं नाही उरलं.

माजघर
हो गं कुंदाताई, सासूबाईंच्या हातची, दोन नऊवारी आणि आत जुनी धोतरं. आमच्या गल्लीत एक मावशी शिवतात अजून, पण पावसाळ्यात घेत नाहीत, वाळत नाही म्हणून. आत्ताच विचारते आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. साड्या कॉटनच्याच आहेत ना?