शेंद्र्याची ऑक्टेव्हिया आरएस अन् शेडमधली पद्मिनी: मराठवाड्यात जुन्या सेडानच्या शर्यती व्हाव्यात का?

आरएस शेंद्रा (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी, जुन्या स्पोर्ट्स सेडानच्या, म्हणजे डिकीवाल्या चार दारांच्या पळणाऱ्या गाड्यांच्या, शर्यती मराठवाड्यात सुरू व्हायला पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावर नाही. बंद मैदानावर, घड्याळ लावून, एका वेळी एकच गाडी. याला ऑटोक्रॉस म्हणतात. खांबांमधून वळणं घेत साधारण एक किलोमीटरचा फेरा मारायचा, ज्याचा वेळ कमी तो पुढे.

इथंच का? २००१ पासून स्कोडाची ऑक्टेव्हिया आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायला लागली आणि २००४ मध्ये तिची आरएस, म्हणजे जास्त दमाची आवृत्ती, बाजारात आली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, १५० बीएचपी ताकद. घरच्यांना आणि डिकीभर सामान घेऊन जाणारी चार दारांची गाडी इतकी पळू शकते, हे आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी त्या गाडीत बसून पहिल्यांदा अनुभवलं. आज तीच आरएस सुट्या भागांसाठी कापलेली बघावी लागते. मला ते सहन होत नाही.

सेडानच्या शर्यती देशाला नव्या नाहीत. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर फियाट, हेराल्ड, अँबेसेडर पळायच्या. १९९० मध्ये चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला आणि तिथं मारुती एस्टीम, होंडा सिटी वर्षानुवर्षं पळाल्या. इंग्लंडात गुडवूडला १९९८ पासून जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. त्यातली सेंट मेरीज ट्रॉफी म्हणजे पन्नास-साठच्या दशकांतल्या सलून, म्हणजे सेडानच, गाड्यांची शर्यत. एवढीशी ऑस्टिन ए-४० वळणात जॅग्वारला गाठते, ते बघायला लोक तिकीट काढून येतात.

आणि सेडानच्या शर्यतीत चालवणारा दिसतो. १९८४ मध्ये जर्मनीत न्यूरबर्गरिंगच्या नव्या ट्रॅकच्या उद्घाटनाला सगळ्यांच्या हाती एकसारख्या मर्सिडीज १९०ई दिल्या होत्या. निकी लाउडासारखा विश्वविजेता मैदानात होता. जिंकला तो तेव्हाचा नवखा ब्राझीलचा आयर्टन सेना.

वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत लेथवर शतांश मिलिमीटर पकडणारे हात आहेत, मोकळं माळरान आहे, गाड्या आहेत. अडलंय कुठं?

रात्रपाळी (जालना)

मी सरकारी रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका आहे. माझा विरोध आहे.

मैदानावरच्या एका गाडीला मी घाबरत नाही दादा. भीती वाटते ती मैदान सुटल्यावरची. दिवसभर इंजिनाचा आवाज कानात भरलेली पन्नास-शंभर पोरं संध्याकाळी घरी निघतील आणि समोर समृद्धी महामार्ग असेल. १२० ची मर्यादा आहे, पण ती मोडणारे आम्ही स्ट्रेचरवर बघतो. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा आहे म्हणून कुणी थांबलंय का?

जुन्या गाडीत तर एअरबॅग नाही, मागे पट्टा नाही. स्टिअरिंगचा दांडा थेट छातीत येतो. तसे एक्स-रे मी पाहिलेत. तुम्ही जे उभं करू पाहताय त्याची हौस एकाची असते आणि निस्तरणं दुसऱ्याच्या आईला येतं.

टॅपेट (लातूर)

ताईंचं बरोबर आहे, पण पोरं आताच रस्त्यावर पळवायलेत. मैदान नाही म्हणूनच पळवायलेत. माझ्या गॅरेजला येतात, "मामा, पिकअप वाढवून द्या" म्हणतात. थांबण्याचं एकानंही कधी विचारलं नाही.

प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे आपल्या जुन्या फियाटचं सांगतो. चारी चाकांना ड्रम ब्रेक. चार-सहा वेळा जोरात दाबला की ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे आतल्या ब्रेक लायनरपासून लांब जातो. लायनर पण तापून घसरायला लागतो. मग पेडल खाली जातं अन् गाडी काही थांबत नाही. रस्त्यावर हे कळतं तेव्हा समोर ट्रक असतो. मैदानावर कळलं तर दोन खांब पडतील, पोरगं घाम पुसत माझ्याकडं येईल अन् मग ब्रेकवर पैसे घालील. मी तर म्हणतो पहिल्या वर्षी इंजिनाला हात लावायचाच नाही. ब्रेक, पाटे, शॉकअप, टायर, बस.

ऑक्टेव्हियावाल्यांनो, तुमच्या १.८ टर्बोत वॉटर पंपाचा पंखा प्लास्टिकचा येतो. तो तडकला की पाणी फिरत नाही अन् इंजिनाचं हेड जातं. शर्यतीआधी लोखंडी पंख्याचा पंप बसवा, टायमिंग बेल्टसोबतच होतंय ते काम.

वडिलांची फियाट (परभणी)

मी पण विरोधातच, पण माझं कारण वेगळं.

पद्मिनी बंद होऊन वीसच्या वर वर्षं झाली. कुर्ल्याचा कारखाना गेला. आता दाराची काच उतरवायचं मशीन हवं असलं तरी चार शहरं पालथी घालावी लागतात. जी गाडी पुन्हा बनणार नाही ती माळरानावर आपटायला द्यायची? मुरमाचा फुफाटा कार्ब्युरेटरमधून आत गेला की पिस्टनच्या रिंगा घासल्याच म्हणून समजा.

त्यात आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातलं आहे, शेतकऱ्याचं भलं होत असेल तर माझी तक्रार नाही. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप, इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा पडदा, वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात आणि पाझरतात. तापलेल्या इंजिनावर पाझर झाला तर पुढचं मी सांगायला नको.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते. त्या मालकांना एकत्र करा, वेरूळपर्यंत हळूहळू फेरी काढा. पोरांना बॉनेट उघडून दाखवा. गाडी टिकते आणि माणसं जोडली जातात. शर्यत कशाला?

आरएस शेंद्रा

काका, तुमच्या गाडीला मी मैदानात ओढत नाही. ती तशीच जपा. पण उभी गाडी टिकते हे मला पटत नाही. उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकीत गंज धरतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. आणि सुटे भाग का मिळत नाहीत? मागणी नाही म्हणून. वर्षाला वीस गाड्यांना ब्रेक लायनर लागले, तर बनवणारा वाळूजमध्येच सापडेल. बाहेरच्या देशांत जुन्या गाड्यांचे भाग आज नव्यानं बनतात, त्यात शर्यतवाल्यांच्या गिऱ्हाइकीचा मोठा हात आहे.

पाइपांचं मान्य. इथेनॉल सोसणारे पाइप बसवल्याशिवाय गाडी आत घ्यायचीच नाही, हा नियमच करू.

ताई, ऑटोक्रॉसमध्ये वेग साधारण साठ-सत्तरच्या आत ठेवता येतो, कारण खांबच तसे लावतात. हेल्मेट, पट्टा, आगीची नळकांडी, जागेवर रुग्णवाहिका. देशात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय बघते, तिच्या परवानगीशिवाय एकही फेरा नको.

कोरडवाहू (भूम)

मी वाचत होतो. आता राहवलं नाही.

शंकरपटावर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी आणली. २०२१ च्या डिसेंबरात नियम-अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. एवढी वर्षं माणसं त्यासाठी का भांडली? कारण खोंड गावातल्या माणसाच्या दावणीला असतो. पटाला गर्दी होते ती आपल्याच बैलासाठी होते. तुमची टर्बो ऑक्टेव्हिया कुणाच्या दारात आहे? शहरातल्या दहा-वीस घरांत. वीस वर्षांवरच्या कारची नोंदणी पुढं चालवायला आता दहा हजार फी आहे. हौस कुणाची, हे त्यातच आलं.

आमच्याकडं मे महिन्यात टँकरची वाट बघतात. तुम्ही म्हणता माळरान मोकळं आहे. ते मोकळं नाही, तिथं शेरडं चरतात. फेऱ्यावर धूळ बसवायला पाणी माराल ते कुठलं? पैशाचं सोंग आणता येत नाही भाऊ, आणि पाण्याचं तर नाहीच.

लेथ नंबर तीन (नांदेड)

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुलगी आहे. कोरडवाहू दादा, माझ्या वडिलांकडं गाडीच नाही. तरी मला हे हवं आहे.

कॉलेजात आम्ही स्पर्धेसाठी बग्गी, म्हणजे उघड्या सांगाड्याची छोटी मोटार, बनवली. नळ्या वाकवण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळं केलं. बाहेर पडल्यावर ते हात कुठं वापरायचे? सस्पेन्शनचं गणित वहीत सुटतं, पण टायरमध्ये दोन पौंड हवा कमी केली की गाडी वळणात काय करते, ते खऱ्या गाडीत बसल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी चेन्नई-कोईम्बतूर गाठावं लागतं, शेकडो किलोमीटर लांब. घरचे एकटीला पाठवत नाहीत.

जुनी सेडान यासाठी चांगली, कारण तिच्यात सगळं उघडं दिसतं. कार्ब्युरेटर हातात धरून समजून घेता येतो. नव्या गाडीत स्कॅनर लावल्याशिवाय मेकॅनिक बोलतच नाही. चार जणांत मिळून एक भंगारात निघालेली एस्टीम घेतली तरी पुरे. माळरान नको असेल तर एखादं डांबरी पार्किंग बघा. धूळ नाही, पाणी नाही, शेरडंही नाहीत.

रात्रपाळी

पार्किंगची सूचना मला त्यातल्या त्यात बरी वाटली. तरी माझा विरोध मागं घेतलेला नाही. दोन प्रश्नांची उत्तरं कुणी दिली नाहीत. रुग्णवाहिका उभी करायची म्हणजे कुणाची? आमच्या तालुक्याला जी एकशे आठ आहे ती तुमच्या खेळासाठी अडकली, तर बाळंतपणाच्या बाईनं काय करायचं? आणि घरी जातानाचं काय? ते तर कुणी वाचलंच नाही वाटतं.

आरएस शेंद्रा

वाचलं ताई. रुग्णवाहिका खासगी, पैसे भरून, डॉक्टरसकट. तो खर्च प्रवेश फीमधून. ती आली नाही तर त्या दिवशी गाडी सुरू होणार नाही. घरी जातानाचं ठोस उत्तर माझ्याकडं आज नाही. ज्याचं नाव रस्त्यावरच्या शर्यतीत निघालं त्याला कायमचं बाहेर, एवढंच सुचतं.

वडिलांची फियाट

बाहेर काढून काय होणार, तो तर रस्त्यावरच आहे ना. माझं मत तेच आहे. फेरी काढा, मी पहिला येतो.

टॅपेट

काका तुमची फेरी पण निघू द्या, दोन्ही होऊ द्या. नांदेडच्या पोरी, एस्टीम घ्यायचीच असली तर आधी खालून बघ. पुढच्या शॉकअपचे टॉवर अन् मागचे पत्रे कुजलेले असले तर इंजिन कितीबी चांगलं असू दे, सोडून दे. घेतलीस तर लातूरला घेऊन ये. हेड उतरवायचं तुझ्या हातानं, मजुरी घेणार नाही.