मदत हवी आहे: स्टेअरिंग रॅकचा नुसता बुश बदलू की अख्खा रॅक?

डिचोलीवाला
डाव्या बाजूने खडखड आवाज येतोय, खराब रस्त्यावर जास्तच. एक फिटर म्हणतो रॅकचा (स्टेअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा दातेरी दांडा असतो ना, त्याचा) बुश, म्हणजे आधाराची कडी, गेलाय, सकाळी गाडी दे, संध्याकाळी घेऊन जा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बुश वेगळा येत नाही, अख्खा रॅक टाकावा लागेल, आणि आकडा असा सांगितला की मी चहा न पिताच उठलो. गणपतीची चवथ तोंडावर आलीय, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, पाहुण्यांची ने-आण, गाडी लागणारच. नुसता बुश बदलून भागतं का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, आणि जरा लवकर.

गियरबॉक्स
गाडी कुठली?

फोंडेकार
गाडी कुठली, वर्ष कुठलं, किती चाललीय, पॉवर स्टेअरिंग ऑइलवालं की इलेक्ट्रिक? यातलं काहीच न लिहिता लवकर सांगा म्हणणं म्हणजे डॉक्टरला फोनवर खोकून दाखवण्यातला प्रकार झाला.

डिचोलीवाला
स्विफ्ट आहे रे. डिझेल.

फोंडेकार
वर्ष?

डिचोलीवाला
२०१४, झेडडीआय. लाखाच्या वर गेलीय. रोज डिचोली ते वेर्णा. शॉकअप आणि लिंक रॉड आधीच बदललेत, तेव्हा कृपया ते सांगू नका.

घाटवाट
पॉवर स्टेअरिंगचं ऑइल बघितलंत का? माझ्या जुन्या स्कॉर्पिओला ऑइल कमी झालं की वळवताना घूंऽऽ करायची, चोर्ला घाटात तर प्रत्येक वळणाला. टॉपअप केलं, आवाज बंद. आधी साधे उपाय करावेत.

गियरबॉक्स
घाटवाट, स्विफ्टला ऑइलच नाही, इलेक्ट्रिक आहे. मोटर वर कॉलमवर (स्टेअरिंगच्या दांडीवर) बसते, खालचा रॅक अगदी साधा मेकॅनिकल. डिचोलीवाल्याच्या दृष्टीने हे बरंच आहे, कारण ऑइलवाल्या रॅकला बुशसाठी हात घातला की सीलकिट आलं आणि मग गळती मागे लागते. इथे ती भानगड नाही.

आता मुद्द्याचं. रॅकचा बुश म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि गॅरेजमध्ये दोन्हीला बुशच म्हणतात. एक म्हणजे रॅक ज्याने क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) आवळलेला असतो तो रबरी माउंटिंग बुश. दुसरा रॅकच्या नळीच्या आत, दांडा ज्यात सरकतो तो नायलॉनचा. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे, म्हणजे पिनियन (स्टेअरिंगबरोबर फिरणारं छोटं दातेरी चाक) उजवीकडे, तिथे दांड्याला पिनियन आणि खालचा गाइड धरून असतो. दुसऱ्या टोकाला फक्त हा नायलॉन बुश. तो झिजला की दांडा नळीत आपटतो आणि आवाज डावीकडून येतो, म्हणून लोक आधी डावा शॉकअप बदलून मोकळे होतात. फिटर कुठल्या बुशबद्दल बोलतोय ते विचारलंस का?

डिचोलीवाला
नाही विचारलं. शॉकअप बदलला तेव्हा आवाज तसाच होता हे मात्र खरं.

लेथवाला_म्हापसा
नायलॉन टाकूच नका. पितळी नाहीतर गनमेटलचा बुश लेथवर टर्न करून घ्या, तासाभराचं काम, जन्मभर बघायला नको. माझ्या ओम्नीला मी स्वतः टर्न केलेला बसवलाय, गाडी भंगारात गेली तरी बुश तसाच असेल.

गियरबॉक्स
बुश टिकेल हो, दांड्याचं काय? नायलॉन मऊ असतो तो मुद्दामच, त्याला काप दिलेले असतात आणि तो दांड्याला हलका दाबून धरतो. पितळेला तसा ताण नाही. सैल ठेवला तर पुन्हा खडखड, टाइट ठेवला तर दांडा अडकतो. वर ग्रीस संपलं की धातूवर धातू.

लेथवाला_म्हापसा
चाळीस वर्षं पितळी बुश चाललेत ट्रकांत. खाणीच्या ट्रकांना कोण नायलॉन घालायचा?

गियरबॉक्स
ट्रकचा स्टेअरिंग बॉक्स वेगळा, बाब. तिथे रॅकच नसतो.

तांबडीमाती
एवढं करून काय होणार, रस्ते बघा आधी. पाइपलाइनसाठी खोदतात, वर माती लोटतात, पहिल्या पावसात मधोमध चर. नवा जुवारी पूल गुळगुळीत केला म्हणून काय, घरापासून पुलापर्यंत जायचं कसं? बुश नाही गेला तरच नवल. मी तर म्हणतो विकून इलेक्ट्रिक घ्या.

मांडवीपार
इलेक्ट्रिकला काय रॅक नसतो का 😄

फोंडेकार
विषयावर या. डिचोलीवाला, घरी करता येईल अशी परीक्षा सांगतो. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकं जमिनीवर. कोणाला तरी आत बसवून स्टेअरिंग भराभर डावीउजवीकडे थोडं थोडं हलवायला सांग, पूर्ण वळवायचं नाही. तू खाली वाकून डाव्या बाजूच्या रॅकच्या रबरी बूटवर (टोकावरच्या घड्यांच्या कव्हरवर) हात ठेव. टकटक हाताला लागली तर आतला बुश किंवा रॅक एंड (दांड्याच्या टोकाचा सांधा). अख्खी नळीच हलताना दिसली तर माउंटिंग. मग पुढची बाजू जॅकवर घे, खाली स्टँड लाव, नुसत्या जॅकवर हात घालू नकोस. चाक डावीउजवीकडून धरून हलव, तिथे प्ले (ढिलेपणा) असेल तर टाय रॉड एंड (चाकाकडचा सांधा), रॅक एंड, बुश यातलं काहीतरी. वरखाली धरून हलवल्यावर प्ले असेल तर बेअरिंग नाहीतर लोअर आर्मचा बॉल जॉइंट, मग रॅकला हात लावायचं कारणच नाही.

डिचोलीवाला
आत्ता भावाला बसवून केलं. डाव्या बूटवर टकटक स्पष्ट लागते. नळी हलत नाही. वरखाली काही नाही. म्हणजे आतला बुश ना? मागे फिटरने खालून नट आवळला होता तेव्हा आवाज पार गेला होता, पण परत सुरू झाला. शिवाय हल्ली सर्कलवरून बाहेर पडताना स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. ते इलेक्ट्रिक मोटरचं असेल, ते नंतर बघू.

गियरबॉक्स
अरे बाबा, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

ते मोटरचं नाही. खालून आवळला तो रॅक गाइडचा नट. त्याने दांडा पिनियनवर दाबला जातो, आवाज काही दिवस लपतो. पण आपण जास्त वेळ सरळ चालवतो म्हणून दात मधेच झिजलेले असतात. मधल्या झिजेला बरोबर बसेल इतका नट आवळला की वळताना कडेच्या न झिजलेल्या दातांवर तो जाम होतो, म्हणून स्टेअरिंग परत येत नाही. घाटात किंवा पावसात हे धोक्याचं आहे. बुश चवथीनंतर केलास तरी चालेल, नट उद्याच सैल करून घे. आवाज वाढेल, वाढू दे.

मांडवीपार
+१. माझ्या बहिणीच्या गाडीचं हेच झालं होतं, पर्वरीच्या उतारावर वळण घेऊन स्टेअरिंग तसंच राहिलं, नशीब बाजूला कोणी नव्हतं.

डिचोलीवाला
बरं, नट उद्या. पण बुश की रॅक ते कोणी सांगेल का शेवटी?

फोंडेकार
ते कोणी इथून सांगू शकत नाही, बूट काढल्यावर दांडाच सांगेल. बूट फाटलेला आहे का? फाटला असेल तर अख्खा पावसाळा पाणी आणि तांबडा चिखल आत गेलाय. दांडा पुसून त्यावरून नख फिरव. गुळगुळीत लागला तर नुसता बुश टाक, बिनधास्त. गंजाचे खड्डे नखाला लागले तर नवा बुश तो कानशीसारखा खाऊन टाकेल, तेव्हा रॅकच बदल. सर्व्हिस सेंटरवाले अगदीच खोटं बोलत नाहीत, कंपनीकडून त्यांना रॅक असेंब्ली म्हणूनच मिळत असेल, बुश बाहेर स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतो.

आणि फिटरला तीन गोष्टी समोर उभं राहून करायला लाव. टाय रॉड एंड सोडवताना किती आटे फिरले ते मोजून ठेवायचे. रॅक पूर्ण उतरवला तर कॉलमच्या जॉइंटवर खूण करायची, आणि सीटबेल्टने स्टेअरिंग बांधून ठेवायचं, कारण तुझी झेडडीआय, एअरबॅग आहे, कॉलम सुटल्यावर स्टेअरिंग गरागरा फिरलं की आतली स्पायरल केबल तुटते आणि मग एअरबॅगचा दिवा डॅशबोर्डवर कायमचा. बूट दोन्ही बाजूचे नवे, क्लिपांसकट. शेवटी अलाइनमेंट, नाहीतर टायर कडेने खाल्ले जातील.

घाटवाट
अलाइनमेंट बेळगावला चांगलं करतात. जाताना चोर्ल्यामार्गे जा, सकाळी लवकर निघालात तर धुकं मस्त असतं.

लेथवाला_म्हापसा
दांडा खराब असला तर मला फोटो टाका, पितळी करून देतो.

डिचोलीवाला
अपडेट. नट सैल केला, स्टेअरिंग लगेच मोकळं झालं, आवाज मात्र असा की शेजारी विचारायला आले. शनिवारी फिटरकडे बूट उघडला. डावा बूट आतल्या घडीत फाटलेला, वरून दिसत नव्हता. आत ग्रीसचा चॉकलेटी रबडा. दांडा पुसला, नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही. सर्क्लिप काढून जुना बुश आकड्याने ओढला तर दोन तुकड्यांत आला, एका बाजूला कागदाएवढा पातळ. नवा नायलॉनचाच घातला (सॉरी लेथवाले). रॅक उतरवावा लागला नाही, टाय रॉड एंड आणि रॅक एंड काढून डाव्या बाजूनेच झालं. बुशचे पैसे किरकोळ, मजुरी जास्त. अलाइनमेंट फोंड्यात केलं, बेळगावला जाणं जमलं नाही. खडखड नव्वद टक्के गेली, स्पीडब्रेकरवर एकदा टक् करते अजून.

गियरबॉक्स
ती टक् लिंक रॉडची असेल. कुठल्या कंपनीचा घातला होता?

डिचोलीवाला
बिल बघून सांगतो.

नवखा_पेडणे
माझ्या गाडीलापण सेम आवाज आहे, पण मागून. रॅकचा बुशच असेल का?