सभापतींची निवड ६० दिवसांत बंधनकारक करावी का?

सह्याद्रीवासी: जुलै २०२२ मध्ये रामराजे नाईक-निंबाळकरांची सदस्यत्वाची मुदत संपली आणि विधान परिषदेचं सभापतिपद रिकामं झालं. ते भरलं थेट १९ डिसेंबर २०२४ ला, राम शिंदे बिनविरोध निवडून आले तेव्हा! मधला सगळा काळ उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह चालवलं. परिषदेने सभापती आणि उपसभापती आपल्या सदस्यांमधून 'होईल तितक्या लवकर' निवडावेत, असं राज्यघटनेचं कलम १८२ सांगतं. मुदत लिहिलेली नाही, म्हणून सरकारं सोयीची वेळ बघतात. पद रिकामं झालं की ६० दिवसांत मतदान, असा नियमच हवा.

जुना_वार्ताहर: असहमत. काम अडलं कुठे? सभापती नसताना उपसभापतींनी काम बघायचं, हे कलम १८४ मध्येच आहे. शिवाय तेव्हा राज्यपालनियुक्त १२ जागा भरलेल्या नव्हत्या, पालिका-जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्याने तिथून निवडून येणाऱ्या परिषदेच्या जागाही रिकाम्या होत गेल्या. ७८ जणांचं सभागृह अर्धवट असताना घाईने सभापती कशाला?

सह्याद्रीवासी: त्याच अर्धवट सभागृहाने विधेयकं मंजूर केली ना? मग सभापती निवडायलाच काय हरकत होती? आणि काम अडलंच. पक्षांतराच्या तक्रारींचा निवाडा दहाव्या परिशिष्टानुसार सभापतींकडे असतो. जुलै २०२३ मध्ये गोऱ्हे स्वतः एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत गेल्या, विरोधकांनी त्यांच्याच अपात्रतेची मागणी केली. सभापतीच नाहीत, तर दाद कुणाकडे मागायची?

कृष्णाकाठ: मुदत घालून मूळ दुखणं जात नाही. २०१५ आठवा. काँग्रेसचे शिवाजीराव देशमुख सभापती होते. राष्ट्रवादीने अविश्वास ठराव आणला, भाजपने साथ दिली, देशमुख गेले आणि रामराजे आले. तारीख पाळूनही खुर्ची आकड्यांवरच हलणार. राज्यसभेचं बरं आहे: उपराष्ट्रपती पदसिद्ध सभापती, त्यांना दोन्ही सभागृहांचे खासदार निवडतात.

जुना_वार्ताहर: तिथेही बहुमतच चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी आले. उलट परिषदेचा सभापती सभागृहातलाच असतो, हे मला जास्त लोकशाहीचं वाटतं. वि. स. पागे १९६० ते १९७८ सभापती होते, तेही सदस्यांनीच निवडलेले.

सह्याद्रीवासी: सदस्यांनी निवडावं, हेच तर मी म्हणतोय. अडीच वर्षं त्यांना मतदानच करू दिलं नाही.